प्रायव्हसी कॉइनची सुरक्षितता सिद्ध करायला शिकताना: कोल्हापुरातल्या नव्या अभ्यासकांसाठी

२०१० च्या ऑगस्टमध्ये बिटकॉइनच्या एका ब्लॉकमध्ये ओव्हरफ्लोच्या चुकीमुळे १८४ अब्जांहून जास्त बिटकॉइन तयार झाले. लेजर, म्हणजे सगळ्या व्यवहारांची नोंदवही, उघडं होतं, आकडा लोकांना दिसला आणि काही तासांत दुरुस्ती झाली. आता झीकॅशचं उदाहरण घ्या. हे प्रायव्हसी कॉइन आहे, म्हणजे कुणी कुणाला किती दिले हे झाकता येणारं डिजिटल नाणं. १ मार्च २०१८ ला एरियल गॅबिझॉन या संशोधकाला झीकॅशच्या पायातच अशी चूक सापडली की तिच्या आधारे हवी तेवढी खोटी नाणी बनवता आली असती. ती चूक २८ ऑक्टोबर २०१८ च्या सॅप्लिंग अपग्रेडमध्ये गुपचूप बुजवली गेली आणि ५ फेब्रुवारी २०१९ ला जाहीर झाली. मधल्या काळात कुणी तिचा फायदा घेतल्याचा पुरावा मिळाला नाही. पण झाकलेल्या व्यवहारांत रक्कमच दिसत नाही, त्यामुळे 'घेतला नाही' हे बिटकॉइनइतक्या ठामपणे बेरीज करून दाखवता येत नाही.

व्यवहार झाकायचा म्हटलं की चोरीही झाकली जाते. म्हणून या नाण्यांना नुसतं टेस्टिंग पुरत नाही, गणिती सिद्धता लागते, आणि ती माणसाच्या नजरेवर न सोडता यंत्राकडून तपासून घ्यावी लागते. यालाच फॉर्मल व्हेरिफिकेशन म्हणतात. हे काम पुण्या-बेंगळुरूला गेल्याशिवाय होत नाही, असा समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. सगळी साधनं फुकट आहेत, कोड उघडा आहे, आणि आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर सुरुवातीचे सगळे प्रयोग चालतात. केआयटी, डी. वाय. पाटील, शिवाजी विद्यापीठ, वालचंद, कुठेही दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलात तरी चालेल. बीएस्सी गणितवाल्यांना तर मी आग्रहाने बोलावेन, कारण या कामात प्रोग्रामिंगपेक्षा काटेकोर विचार जास्त लागतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. यासाठी एकही नाणं विकत घ्यायचं नाही. १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, १ जुलै २०२२ पासून व्यवहारावर १ टक्का टीडीएस आहे, आणि मार्च २०२३ पासून एक्स्चेंज चालवणारे मनी लाँडरिंग कायद्याच्या कक्षेत आहेत. अभ्यासाला यातलं काही लागत नाही. आपण मॉडेल लिहितो, फार तर टेस्टनेट, म्हणजे चाचणीसाठीचं वेगळं जाळं, वापरतो, आणि तिथल्या नाण्यांना किंमत नसते.

आधी काय यायला हवं

गट म्हणजे ग्रुप, त्याची ऑर्डर, उपगट, मूळसंख्येवरचं फील्ड, एवढं बीजगणित. हॅश फंक्शन म्हणजे काय आणि त्याची 'टक्कर' म्हणजे काय. 'सर्वांसाठी' आणि 'असा एक तरी आहे' ही दोन तर्कचिन्हं न अडखळता वाचता येणं. डिस्क्रीट मॅथ्सचा पेपर पास होण्यापुरता केला असेल, तर तो परत उघडा. विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात बसून दोन आठवडे अमूर्त बीजगणित वाचलंत, तर पुढचे सहा महिने सोपे जातील. झीरो-नॉलेज प्रूफचं (गुपित न सांगता ते खरं असल्याचा पुरावा) आतलं गणित आत्ता नाही आलं तरी चालेल.

पायरी १: काय सिद्ध करायचं ते मराठीत लिहा

नवखे लोक थेट टूल उघडतात आणि तिथेच अडकतात. आधी वही घ्या. आपण एक छोटं उदाहरण धरू आणि शेवटपर्यंत तेच वापरू: राजारामपुरीतली एक मेस.

मेसच्या काकूंकडे मुलं कूपन विकत घेतात. आपल्याला अशी व्यवस्था हवी की कोण कधी जेवलं हे काकूंना कळू नये, पण फुकट कुणी जेवू नये. मुलगा एक गुप्त किल्ली, एक कूपन-क्रमांक आणि एक यादृच्छिक आकडा घेतो, तिन्ही मिळून एक बंद पाकीट बनवतो आणि पैसे भरतो. काकू ते पाकीट भिंतीवरच्या यादीत लावतात. जेवायला येताना मुलगा पाकीट दाखवत नाही. तो किल्ली आणि कूपन-क्रमांकातून काढलेली एक खूण देतो, आणि सोबत असा पुरावा देतो की 'या खुणेचं पाकीट यादीत आहे, कुठलं ते सांगणार नाही.' काकू वापरलेल्या खुणांची दुसरी यादी ठेवतात. खूण आधी आलेली असेल तर ताट मिळत नाही.

झीकॅशचा सांगाडा हाच आहे. पाकिटाला तिथे कमिटमेंट म्हणतात, खुणेला नलिफायर. मोनेरो या दुसऱ्या प्रायव्हसी कॉइनमध्ये खुणेच्या जागी की इमेज असते, आणि पाकीट लपवण्याचं काम रिंग सिग्नेचर करते, म्हणजे 'या घोळक्यातल्या कुणीतरी सही केली' एवढंच सांगणारी सही. रिव्हेस्ट, शमीर आणि टॉमन यांनी २००१ मध्ये मांडलेली ही कल्पना.

आता दावे. पहिला: जेवढी पाकिटं लागली त्यापेक्षा जास्त ताटं कधीच वाढली जाणार नाहीत. दुसरा: एका पाकिटावर एकदाच जेवता येईल. तिसरा बहुतेक जण विसरतात: ज्याने प्रामाणिकपणे कूपन घेतलं, त्याला ते वापरता आलंच पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या लबाडीने ते अडता कामा नये. चौथा: माझी किल्ली नसताना माझ्या पाकिटावर कुणी जेवू शकणार नाही. पाचवा: पाकीट आणि खूण यांची सांगड बाहेरच्याला, काकूंनासुद्धा, घालता येणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे: नवख्याने पाचव्यापासून सुरू करू नये. नाव 'प्रायव्हसी कॉइन' असल्यामुळे सगळे गुप्ततेकडे धावतात. गुप्तता फुटली तर ती निदान कुणाच्या तरी लक्षात येते. पहिला आणि दुसरा दावा फुटला तर कुणालाच कळत नाही. आधी तेच घ्या.

दुसरा दावा लिहिताना शब्द जपून वापरा. 'एक खूण दोनदा चालणार नाही' आणि 'एक पाकीट दोनदा चालणार नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. काकू फक्त पहिलं तपासू शकतात. आपल्याला दुसरं हवं आहे. या दोन वाक्यांमधल्या फटीत खऱ्या जगातल्या अनेक चुका बसलेल्या आहेत, आणि पुढचा बराचसा लेख या फटीबद्दलच आहे.

पायरी २: टॅमरिन बसवा

सुरुवातीला टॅमरिन घ्या, प्रोटोकॉलबद्दलच्या दाव्याची सिद्धता किंवा त्यावरचा हल्ला शोधणारं टूल. हे टूल झुरिकच्या ईटीएचमध्ये उभं राहिलं, २०१२ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला, आणि पुढे टीएलएस १.३ (वेबसाइटशी सुरक्षित जोडणी) आणि ५जीच्या प्रोटोकॉलचं विश्लेषण त्यावर झालं. विंडोजवर असाल तर आधी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) चालू करून त्यात उबुंटू बसवा आणि टॅमरिन त्यात टाका. थेट विंडोजवर झटापट करू नका. त्याच्यासोबत मॉड नावाचं दुसरं टूल लागतं, तेही पाठोपाठ बसवून घ्या. इंटरॲक्टिव्ह मोडमध्ये सुरू केलं की ब्राउझरमध्ये पान उघडतं आणि हल्ल्याचं चित्र बाणांसकट दिसतं. ते चित्र वाचायला शिकणं हे अर्धं काम आहे.

बसवून झाल्यावर लगेच मेसकडे वळू नका. टॅमरिनच्या उदाहरणांत नीडहॅम-श्रोडर प्रोटोकॉल आहे, तो चालवा. हा दोघांनी एकमेकांची ओळख पटवून घेण्याचा १९७८ चा प्रोटोकॉल. त्यातली चूक गॅविन लो यांनी १९९५ मध्ये दाखवली. तीन ओळींचा प्रोटोकॉल, हुशार माणसांनी वाचलेला, आणि सतरा वर्षं चूक लपून राहिली. लो यांची दुरुस्ती काढून मूळ रूप परत चालवा आणि टूल तोच हल्ला शोधून काढतंय ते डोळ्यांनी पाहा.

टॅमरिनच्या जगात शत्रूच्या हातात सगळं नेटवर्क असतं. तो संदेश वाचतो, अडवतो, बदलतो, नवा बनवतो. फक्त किल्ली नसताना कुलूप उघडू शकत नाही. डोलेव्ह आणि याओ यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही शत्रूची कल्पना आहे.

पायरी ३: मेसचं मॉडेल लिहा

टॅमरिनमध्ये प्रत्येक नियमाचे तीन भाग असतात: डावीकडे काय लागतं, उजवीकडे काय तयार होतं, आणि मधे कुठली नोंद करायची. मधली नोंद आपल्यासाठी असते, शत्रूला दिसत नाही. त्यामुळे गुप्त पाकिटाचं नावसुद्धा तिथे बिनधास्त लिहा.

पहिला नियम पाकीट लावण्याचा. प्रामाणिक मुलासाठी किल्ली आणि आकडे ताजे, कुणालाही माहीत नसलेले. मधे 'पाकीट लागलं' अशी नोंद. उजवीकडे पाकीट नेटवर्कवर आणि यादीत.

दुसरा नियम लबाड मुलासाठी. तो लिहायला जवळपास सगळे विसरतात. लबाड मुलगा ताजे आकडे घेईलच असं नाही. तो त्याला हवे ते घेईल, जुने परत वापरेल. म्हणून इथे किल्ली, क्रमांक आणि यादृच्छिक आकडा, तिन्ही नेटवर्कवरून, म्हणजे शत्रूकडून आले पाहिजेत. हा नियम नसेल तर तुम्ही सगळ्या सज्जनांच्या मेसबद्दल सिद्धता लिहिताय.

तिसरा नियम जेवणाचा. काकूंकडे खूण आणि पुरावा येतो, पुराव्यातलं पाकीट यादीत आहे का ते जुळवलं जातं, आणि मधे दोन गोष्टी नोंदवल्या जातात: कुठली खूण आली आणि ती कुठल्या पाकिटाची होती. प्रामाणिक मुलगा खूण आणि पुरावा पाठवतो, त्याचा एक साधा नियम वेगळा. खूण आधी आलेली नसावी, ही अट रिस्ट्रिक्शन (टूलने गृहीत धरायची अट) म्हणून लिहा, कारण काकू ती खरोखर तपासतात.

आता लेमा, म्हणजे टूलने सिद्ध करायचा दावा. आधी 'असा एक तरी प्रसंग आहे' या प्रकारचा लिहा: कुणीतरी कूपन घेऊन एकदा जेवतो, असं घडू शकतं. हे बावळट वाटेल, पण टाळू नका. नियमात टायपिंगची चूक असली की काहीच घडू शकत नाही, आणि जिथे काहीच घडत नाही तिथे सुरक्षिततेचा प्रत्येक दावा आपोआप खरा ठरतो. हिरवी ओळ दिसते, मूल खूश होतं, आणि मॉडेल मेलेलं असतं. आमच्या गटात नवीन कुणी फाइल दाखवली की मी सर्वात आधी हाच लेमा शोधतो.

मग मुख्य दावा. इथे सापळा आहे. 'एकच खूण दोन वेगळ्या वेळी स्वीकारली जात नाही' असा लेमा लिहिलात तर टूल क्षणात हो म्हणेल, कारण हेच तुम्ही रिस्ट्रिक्शनमध्ये गृहीत धरलं आहे. तुम्ही काहीही सिद्ध केलेलं नाही. लेमा पाकिटाबद्दल हवा: एकाच पाकिटाच्या नावाने दोनदा जेवण झालं असेल, तर त्या दोन्ही वेळा एकच आहेत. खुणेवरून पाकिटापर्यंतचं अंतर टूलने स्वतः कापलं पाहिजे.

खूण किल्ली आणि कूपन-क्रमांकावरून ठरत असेल, तर हे सिद्ध होतं.

पायरी ४: मुद्दाम मोडा

सिद्धता झाली म्हणून थांबू नका. खुणेच्या सूत्रात एक जादा आकडा घाला, जो पाकिटात बांधलेला नाही. लगेच टूल हल्ला काढून देईल: लबाड मुलगा तेच पाकीट, दोन वेगळे जादा आकडे, दोन वेगळ्या खुणा, दोन ताटं. काकूंची यादी नीट चालली, कुठलीही खूण दोनदा आली नाही, तरी फसवणूक झाली. चित्र छापून वहीत चिकटवा.

मग उलटं करून पाहा. सूत्र मूळच्या रूपात आणा आणि तिसरा दावा तपासा: प्रामाणिक माणसाला मिळालेलं प्रत्येक कूपन वापरता येतं का? इथे थोडी भर घालावी लागते, कारण कूपन दुसऱ्याला भेट देता आलं पाहिजे. भेट देणारा पाकीट बनवतो आणि आतले आकडे घेणाऱ्याला कळवतो. आता लबाड देणारा दोन पाकिटं बनवतो, कूपन-क्रमांक मुद्दाम तोच ठेवतो, फक्त यादृच्छिक आकडा बदलतो. घेणाऱ्याला दोन वेगळी, खरी पाकिटं दिसतात. पण दोघांची खूण एकच. एक जेवण झालं की दुसरं कूपन कायमचं मेलं.

हे काल्पनिक नाही. झीकॅश ज्यावर उभं राहिलं त्या २०१४ च्या झीरोकॅश शोधनिबंधातल्या रचनेत नेमकं हे शक्य होतं. झीकॅशच्या लोकांनी त्याला फेअरी गोल्ड हल्ला असं नाव दिलं आणि जाळं सुरू करण्याआधी तो बंद केला. सॅप्लिंगमध्ये पाकिटाचं यादीतलं स्थान खुणेत मिसळतात, त्यामुळे दोन पाकिटांची खूण एक होऊ शकत नाही. तुमच्या मॉडेलमध्ये हीच दुरुस्ती करा: पाकीट यादीत लावताना काकूंनी एक ताजा क्रमांक द्यायचा आणि तो खुणेत घ्यायचा. परत चालवा.

झीकॅशच्या प्रोटोकॉल स्पेसिफिकेशनमध्ये मूळ झीरोकॅशपासून काय काय बदललं आणि का, यावर स्वतंत्र भाग आहे. तो शांतपणे वाचा. विषय शिकायला यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही, कारण तिथे प्रत्येक बदलामागे एक खरा हल्ला आहे.

टूल कधी कधी थांबतच नाही. पंखा जोरात फिरतो, रॅम भरते, उत्तर येत नाही. तुम्ही काही चुकवलंय असं लगेच समजू नका. हा प्रश्न मुळातच असा आहे की प्रत्येक वेळी उत्तर येईल अशी हमी कुणी देऊ शकत नाही. दहा मिनिटं पाहा, मग बंद करा, इंटरॲक्टिव्ह मोडमध्ये कुठे गोल गोल फिरतंय ते शोधा. बहुधा एखादा संदेश कुठून आला असू शकतो हे टूलला ठरवता येत नसतं; तेवढ्यासाठी एक छोटा मदतनीस लेमा द्यावा लागतो.

पायरी ५: गुप्तता

गुप्ततेचा दावा वेगळ्या जातीचा आहे. 'असं कधी घडत नाही' असं म्हणून तो संपत नाही. दोन जगांची तुलना करावी लागते. एका जगात अमृताच्या कूपनावर जेवण झालं, दुसऱ्यात संकेतच्या. बाकी सगळं सारखं. शत्रूला ही दोन जगं वेगळी ओळखता आली नाहीत, तर गुप्तता आहे. टॅमरिनमध्ये यासाठी डिफ मोड आहे, आणि ब्रुनो ब्लॉन्शे यांच्या प्रोव्हेरिफमध्येही ही सोय आहे. या भागासाठी मी प्रोव्हेरिफच सुचवेन, नवख्याला ते लवकर उत्तर देतं.

दोन्ही मुलांची पाकिटं यादीत आधी लागलेली असली पाहिजेत, हे विसरू नका. मेसमध्ये एकच ग्राहक असेल तर कुठलंही गणित त्याला लपवू शकत नाही.

आणि टूलने 'ओळखता येत नाही' म्हटलं, तरी ते तुम्ही लिहिलेल्या संदेशांपुरतं. अमृता रोज सव्वाएकला येते, हे मॉडेलमध्ये नाही. २०१८ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी झीकॅशच्या खऱ्या व्यवहारांवर काम केलं आणि लोकांच्या वापराच्या सवयींवरून लपलेल्यांचा घोळका बराच लहान करता येतो हे दाखवलं. त्याच वर्षी मोनेरोच्या जुन्या व्यवहारांवरही तसंच काम झालं. रिंगमधलं सर्वात नवं नाणं बहुतेकदा खरं असायचं. दोन्हीकडे क्रिप्टोग्राफी मोडावी लागली नाही. अहवालात हे वेगळ्या परिच्छेदात लिहा, सिद्धतेच्या आड लपवू नका.

पायरी ६: मॉडेलला काय दिसत नाही

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. टॅमरिनमध्ये हॅश परिपूर्ण असतो, गट आदर्श असतो, पुरावा खोटा असूच शकत नाही. खऱ्या जगात या तिन्ही गोष्टी मोडलेल्या आहेत.

हॅशचं आधी. झीरोकॅशच्या पाकिटात आतला हॅश १२८ बिटांवर छाटला होता. छाटण्याला कारण होतं, त्याने लपवण्याची बाजू भक्कम होत होती. पण १२८ बिटांच्या हॅशची टक्कर शोधायला साधारण २ चा ६४ वा घात एवढंच काम लागतं. टक्कर सापडली की एकच पाकीट दोन तऱ्हांनी उघडतं, दोन खुणा निघतात, दोनदा खर्च होतो. हेही २०१६ मध्ये जाळं सुरू होण्याआधी पकडलं गेलं. तुमच्या मेसच्या मॉडेलमध्ये हे कधीच दिसलं नसतं.

मग मोनेरो. ज्या एड२५५१९ वक्रावर (एलिप्टिक कर्व्ह; त्यावरच्या बिंदूंचा गट बनतो) मोनेरो उभा आहे, त्याच्या गटाची ऑर्डर मूळसंख्या नाही. ती एका मोठ्या मूळसंख्येची आठपट आहे. त्या आठमुळे गटात एक छोटा उपगट राहतो. की इमेजमध्ये त्या उपगटातला बिंदू मिसळला, तर ती दिसायला वेगळी होते, पण थोडी खटपट केली की सहीची पडताळणी पास होते. म्हणजे एका नाण्याच्या आठपर्यंत खुणा. नोड (व्यवहार तपासणारा संगणक) प्रामाणिकपणे 'ही खूण आधी आलेली नाही' असं म्हणत राहतो. पायरी १ मधली फट आठवा, ही तीच. मोनेरोने फेब्रुवारी २०१७ मध्ये ती बुजवली आणि मे २०१७ मध्ये जाहीर केली. की इमेज उघड्या असल्यामुळे मागची साखळी तपासता आली आणि मोनेरोत गैरवापर सापडला नाही. त्याच क्रिप्टोनोट कुळातल्या, म्हणजे त्याच मूळ रचनेवर बनलेल्या, बाइटकॉइनमध्ये तो सापडला. दुरुस्ती एका तपासणीची आहे: की इमेजला त्या मोठ्या मूळसंख्येने गुणा, शून्य बिंदू आला पाहिजे. हा सराव कागदावर करा. बारा घटकांचा चक्रीय गट घ्या, त्यात चार ऑर्डरचा उपगट शोधा, आणि एका खुणेच्या चार खुणा कशा होतात ते स्वतः मांडा.

तिसरी सुरुवातीला सांगितलेली झीकॅशची चूक. ती ज्या प्रूफ सिस्टिममध्ये होती तिच्या सुरुवातीच्या सेटअपमध्ये काही जादा घटक प्रसिद्ध केले जात होते. पडताळणाऱ्याला त्यांची गरज नव्हती, आणि ते हातात असले की खोट्या विधानाचा पुरावा बनवता येत होता. त्या रचनेला स्वतःची स्वतंत्र सुरक्षा-सिद्धता नव्हती. आधीच्या मिळत्याजुळत्या रचनेच्या सिद्धतेवर भिस्त होती. मला हे वाचताना दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं. सिद्धता 'जवळपास तीच' असून चालत नाही. जादा घटक कशासाठी आहेत, हा प्रश्न सिद्धता लिहायला बसलेल्या माणसाला पडलाच असता.

म्हणून प्रत्येक मॉडेलच्या वर गृहीतकांची यादी लिहा: टक्कर होत नाही, गटाची ऑर्डर मूळसंख्या आहे, पुरावा खोटा पाडता येत नाही. प्रत्येक गृहीतकासमोर लिहा की ते कुणी, कुठे तपासलं आहे. रिकाम्या जागा राहिल्या तर त्याच तुमच्या पुढच्या कामाची यादी.

पायरी ७: सर्किट

'पाकीट यादीत आहे' हा पुरावा शेवटी समीकरणांच्या संचातून जातो, त्याला सर्किट म्हणतात. इथली नेहमीची चूक म्हणजे एखादं समीकरण कमी पडणं. हा सराव करून पाहा. इनपुट शून्य आहे का हे सांगणारं सर्किट: शून्य असेल तर उत्तर १, नाहीतर ०. त्यासाठी पुरावा देणारा एक मदतीचा आकडा देतो आणि दोन समीकरणं लागतात. पहिलं: इनपुट गुणिले मदतीचा आकडा बरोबर १ वजा उत्तर. दुसरं: इनपुट गुणिले उत्तर बरोबर शून्य. दुसरं समीकरण गाळा आणि इनपुट ५ घ्या. मदतीचा आकडा शून्य दिला की उत्तर १ येतं. म्हणजे ५ हे शून्य असल्याचा पुरावा तयार झाला, आणि पडताळणारा तो मान्य करतो. दोन्ही समीकरणं असताना असं होत नाही, हे आधी हाताने आणि मग लीन या सिद्धता तपासणाऱ्या टूलमध्ये सिद्ध करा. लीनची ओळख करून घ्यायला हा प्रश्न अगदी योग्य आकाराचा आहे.

टोर्नाडो कॅश या व्यवहार मिसळून लपवणाऱ्या सेवेत २०१९ मध्ये असंच झालं. सर्किट लिहायच्या सर्कम भाषेच्या हॅश लायब्ररीत एका ठिकाणी किंमत फक्त भरली गेली होती, तिचं बंधन घातलं गेलं नव्हतं. चिन्हातला छोटासा फरक, पण त्यावरून खोटे पुरावे देऊन पैसे काढता आले असते. टोर्नाडोच्याच लोकांनी तो हल्ला स्वतः करून पैसे सुरक्षित केले. आता अशा चुका शोधायला सर्कमस्पेक्ट आणि पायकस यांसारखी टूल्स आहेत. पायकस तर 'या इनपुटला दोन वेगळी उत्तरं शक्य आहेत का' एवढंच विचारतं, आणि तेवढं पुष्कळ असतं.

रक्कम आली की आणखी एक गोष्ट पाहा. फील्डमध्ये ऋण संख्या नसते. उणे पाच म्हणजे एक प्रचंड मोठी धन संख्या. दहा रुपये आत आणि पंधरा व उणे पाच बाहेर, बेरीज जमते. त्यामुळे प्रत्येक रक्कम मर्यादेत आहे याचा पुरावा वेगळा लागतो. मोनेरोत ते काम २०१८ पासून बुलेटप्रूफ्स करत होते, २०२२ पासून त्यांची सुधारित आवृत्ती बुलेटप्रूफ्स+ करते.

पायरी ८: ईझीक्रिप्ट, पण सावकाश

हॅश किंवा कमिटमेंट 'परिपूर्ण' न मानता, ती फोडणं हे एखाद्या अवघड गणिती प्रश्नाइतकं अवघड आहे असं दाखवायचं असेल, तर ईझीक्रिप्ट या टूलकडे जावं लागतं. चढण मोठी आहे. पेडरसन कमिटमेंटपासून सुरू करा, त्यावर ईझीक्रिप्टमध्ये काम झालेलं आहे. त्यातली असमान वाटणी लक्षात ठेवा: पेडरसनमध्ये लपवणं बिनशर्त आहे, बांधून ठेवणं मात्र डिस्क्रीट लॉग (गटातला घातांक उलटा शोधणं) अवघड असण्यावर टेकलेलं आहे. उद्या तो प्रश्न सुटला तर लपलेल्या रकमा लपलेल्याच राहतील, पण खोटी नाणी बनवता येतील. ही पायरी एकट्याने करू नका, दोघं-तिघं मिळून करा. टॅमरिन तुम्हाला हल्ला दाखवतं, ईझीक्रिप्ट फक्त अडून बसतं, आणि तेव्हा शेजारी कुणी असलेलं बरं.

पायरी ९: लिहून ठेवा आणि दुसऱ्याला चालवायला द्या

पहिलं काम पूर्ण झालं की एक फोल्डर बनवा. त्यात मॉडेलची फाइल, टूलची नेमकी आवृत्ती, चालवायची आज्ञा, किती वेळ लागतो, मराठीत किंवा इंग्रजीत लिहिलेले पाच दावे, गृहीतकांची यादी, आणि मुद्दाम मोडलेल्या आवृत्त्या हल्ल्याच्या चित्रांसकट. मोडलेल्या आवृत्त्या फेकू नका. तपासणाऱ्याचा विश्वास त्यांच्यावरूनच बसतो. मग हे फोल्डर दुसऱ्या कुणालातरी द्या आणि काही न सांगता चालवायला लावा. त्याने 'लबाड मुलाचा नियम कुठाय?' असं विचारलं, तर तुम्हाला चांगला जोडीदार मिळाला.

खऱ्या प्रोटोकॉलवर काम करताना काही सापडल्यासारखं वाटलं, तर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, टेलिग्रामवर बढाई मारू नका, चालू जाळ्यावर करून बघू नका. प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचं सुरक्षा-कळवणीचं धोरण त्याच्या कोडसोबत प्रसिद्ध असतं. त्यात दिलेल्या मार्गाने, एन्क्रिप्ट करून, मॉडेल आणि हल्ल्याचा क्रम पाठवा. आधी कोडच्या कमिटचा (नोंदवलेल्या आवृत्तीचा) नेमका क्रमांक लिहा, कारण तुम्ही वाचलेला कोड आणि आज चालणारा कोड वेगळा असू शकतो. उत्तर यायला वेळ लागतो. तोवर मेसच्या मॉडेलमध्ये रकमा घाला: दोन कूपनं देऊन एक मोठं कूपन आणि सुटे परत. पहिला दावा तिथे नव्याने लिहावा लागेल, ताटांच्या संख्येऐवजी रुपयांच्या बेरजेवर.